मॅडमचा बॉडीगार्ड आणि शुभांगीचे मामा

आमच्या ऑफिसात प्रत्येक गोष्टीचं रजिस्टर आहे. कोण किती वाजता ड्यूटीवर गेलं, कुणाचा वॉकीटॉकी बिघडला, कुणाचा बूट हरवला, सगळं लिहून ठेवतात. पण खरोखर जे घडतं ते कुठल्याच रजिस्टरमध्ये बसत नाही. मग ते माझ्याकडे जमा होतं! वीस वर्षांत इतकं साठलंय की चार माणसं जमली आणि कुणी चहा पुढे केला की माझं तोंड आपोआप सुरू होतं. नवरा पाहुण्यांना दारातच सांगून ठेवतो, "बस पकडायची असेल तर हिला ऑफिसचं विचारू नका."

मी मूळची बेळगावची. बेंगळुरात यशवंतपूरला एका सिक्युरिटी एजन्सीत रोस्टर, म्हणजे ड्यूट्यांचं वेळापत्रक, बघते. नट-नट्या, गायक, इन्फ्लुएन्सर अशा मंडळींना आम्ही बॉडीगार्ड पुरवतो. लोकांना वाटतं, काय थ्रिलिंग काम! थ्रिल एवढंच की नऊच्या ड्यूटीचा माणूस ट्रॅफिकमुळे अकराला पोचतो आणि तोपर्यंत सेलिब्रिटीचं रक्षण देव करतो. ऑफिसात सगळे मला अक्का म्हणतात, साहेबसुद्धा. साहेब माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठे आहेत, पण ते जाऊ दे.

आमचा एक नंबरचा गार्ड दत्तू. निपाणीजवळच्या गावचा, सहा फूट एक इंच, वय छत्तीस, दिवसाला सरासरी नऊ शब्द. चार वर्षं तो एकाच नटीकडे ड्यूटीला आहे. तिचं नाव सांगणार नाही, आमच्या धंद्यात नाव फोडलं की माणूस घरी बसतो. आपण मॅडम म्हणू. मागच्या वर्षी या मॅडमनी एक पिक्चर घेतला. गोष्ट काय, तर एक प्रसिद्ध गायिका, तिच्या जिवावर उठलेला कुणी अज्ञात, आणि तिचा बॉडीगार्ड. गोळ्या सुटत असतात आणि मधल्या वेळात दोघांचं प्रेम जमतं. रोमँटिक थ्रिलर!

पडद्यावर त्या बॉडीगार्डचं जमलं, पण त्यापायी आमच्या खऱ्या बॉडीगार्डचं ठरलेलं लग्न मोडायची वेळ आली. ते कसं, हे सांगते.

*

दिग्दर्शक निनाद पुण्याचा. हेब्बाळच्या एका टेक पार्कमध्ये सहा वर्षं नोकरी केली, मग त्याला म्हणे आतून आवाज आला. पिक्चर कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत काढणार होता, म्हणजे दोन्हीकडच्या लोकांना त्रास सारखाच. एक दिवस 'रिसर्च'साठी तो ऑफिसात उगवला. हातात चामड्याच्या पुठ्ठ्याची वही, गळ्यात मफलर, बाहेर ऊन. दत्तूला समोर बसवलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "दत्तू, अगदी खरं सांग. मॅडमकडे बघताना तुझ्या आत काय होतं?"

"बघत न्हाई."

"म्हणजे? भीती वाटते?"

"मॅडम कुणाला मारणार हायत का? त्यांच्याकडं कशाला बघू? लोकांच्या हाताकडं बघतो."

निनादनं वहीत लिहिलं, 'नजर टाळतो'. खाली दोन रेघा मारल्या. मग विचारलं, "बरं, काल मॅडमनी कुठल्या रंगाची साडी नेसली होती?"

"ठाऊक न्हाई."

"चार वर्षांत एकदाही त्यांना डोळे भरून पाहिलं नाहीस?"

दत्तूनं प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "एकदा बघितलं. गाडीचं दार लावताना. बोट सापडतंय का म्हणून."

निनादचे डोळे पाणावले. जाताना दारात थांबून मला म्हणाला, "अक्का, किती दाबून ठेवलंय हो त्यानं सगळं! चेहऱ्यावर कसली वेदना आहे!"

मी म्हटलं, "हो ना. तुम्ही दोनला आलात, त्याचा डबा अजून बंद आहे."

*

मग हिरो आला. तीन दिवस खऱ्या बॉडीगार्डकडून शिकणार म्हणाला, म्हणजे भूमिकेत 'रिअल फील' येतो. शिकायला येताना स्वतःचे दोन बॉडीगार्ड घेऊन आला! बॉडीगार्ड व्हायला शिकणाऱ्याची राखण करायला बॉडीगार्ड. माझ्या रोस्टरमध्ये हे कुठल्या रकान्यात घालायचं तेच मला कळेना.

दत्तूनं पहिला धडा दिला, उभं राहणे. डबिंग स्टुडिओच्या गेटबाहेर, सकाळी दहापासून. टेकायचं नाही, मोबाइल बघायचा नाही, गॉगल लावायचा नाही.

"गॉगल का नाही?" हिरोला हे फार लागलं.

"गॉगल लावला की लोकांना वाटतं आपण कुणीतरी हाय. मग आपल्यालाच राखण लागती."

हिरो अकरा मिनिटं उभा राहिला. मग म्हणाला, "फाइट कधी शिकवणार?"

दत्तू म्हणाला, "फाइट झाली म्हंजे आपलं काम चुकलं."

सहा महिने जिममध्ये घाम गाळलेल्या माणसाला असं बोलू नये, पण दत्तूला कुठलं कळतंय! तेवढ्यात कॉलेजच्या पोरींनी हिरोला ओळखलं. किंकाळ्या, सेल्फी, रेटारेटी. हिरोच्या दोन गार्डांपैकी एक डोसा खायला गेला होता आणि दुसरा हिरोच्या अकाउंटसाठी गर्दीचा व्हिडिओ काढत होता. शेवटी दत्तूनं आत शिरून हिरोची मानेमागची कॉलर धरली, उचलला, गर्दीतून सरळ बाहेर काढला आणि गाडीत ठेवला.

हिरो धापा टाकत म्हणाला, "ही कुठली टेक्निक? इस्रायली?"

"मांजर पिल्लू असंच उचलतंय."

पुढे एका मुलाखतीत हिरोनं सांगितलं की या भूमिकेसाठी त्यानं उत्तर कर्नाटकातली एक प्राचीन युद्धकला शिकून घेतली!

*

पीण्या नावाच्या कारखान्यांच्या भागात, एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये क्लायमॅक्सचं शूटिंग होतं. दत्तूला 'टेक्निकल अ‍ॅडव्हायझर' म्हणून खुर्ची दिली होती. मी सहज बघायला गेले होते.

सीन असा. खलनायक गोळी झाडतो, हिरो मध्ये येतो, गोळी छातीवर झेलतो, मॅडमच्या मांडीवर कोसळतो आणि दीड पान बोलतो. प्रेम, जन्म, नशीब, सगळं येतं त्यात. मग डोळे मिटतो, मग गाणं, आणि गाण्यानंतर बरा होतो.

तालीम संपली तसा दत्तूनं शाळेत करतात तसा हात वर केला. "गोळी मारणारा कुठं गेला?"

"तो पळून गेला रे," निनाद म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

"स्क्रिप्टमध्येच आहे."

"तुमी वाचलंय. ह्यानं वाचलंय का? त्याला काय ठाऊक तो पळाला म्हणून? मॅडम दीड पान उघड्यावर बसल्यात!"

अर्धा दिवस त्याच्यावर चर्चा झाली. हिरोचं म्हणणं, दीड पान कमी करा पण मांडी पाहिजे. शेवटी तोडगा निघाला. हिरोनं जखमी अवस्थेत मॅडमना गाडीत कोंबायचं, गाडी निघून जाणार, आणि मग दीड पान बोलायचं. पण कुणाला? तिथे उरला कोण, तर कारखान्याचा म्हातारा वॉचमन! ते काम करणाऱ्या जुन्या नाटकवाल्या काकांना आयुष्यात पहिल्यांदा एवढा मोठा सीन मिळाला. हिरो त्यांचा हात धरून "तुझ्याशिवाय जगणं मला जमणार नाही" म्हणाला आणि काका असे रडले की युनिटनं टाळ्या वाजवल्या. निर्मात्यानं ते बघितलं आणि एकच प्रश्न विचारला, "हा पिक्चर नक्की कुणाच्या प्रेमाचा आहे?" दुसऱ्या दिवशी हिरो परत मांडीवर.

आता टेक. खलनायकानं खिशातून बंदूक काढली मात्र, दत्तू खुर्चीतून उडाला तो थेट त्याच्या अंगावर! दुसऱ्या टेकलाही तेच. निनाद ओरडला, "दत्तू, बंदूक खोटी आहे!"

"ठाऊक हाय."

"मग?"

"खिशात घालणारा हात खरा हाय की. माझं अंग ऐकत न्हाई, मी काय करू?"

तिसऱ्या टेकला दत्तूला चहा सांगायला बाहेर पिटाळलं. पण खलनायकाला ते कुणी सांगितलं नव्हतं. बिचाऱ्यानं बंदूक काढायच्या आधी चारही बाजूंना बघितलं, एकदा वरही बघितलं. निनाद खूश. "वा! काय भेदरलेला खुनी दाखवलास!"

*

आता दत्तूच्या लग्नाचं. त्याची आई गावाहून मला रोज फोन करायची. "वैशाली, तुझ्या रजिस्टरात माझ्या पोराचं लगीन कुठल्या तारखंला लिवलंय ते बघ की गं." सहा स्थळं आली नि गेली. कुणाला ड्यूटीच्या वेळा पसंत नव्हत्या, कुणाला दत्तू पुतळ्यासारखा वाटला.

सातवी शुभांगी. यशवंतपूरची, आजोबांच्या काळापासून बेंगळुरात स्थायिक झालेलं मराठी घर. घरात आई आणि मामा. वडील लहानपणी गेले, मामांनीच दोघींना सांभाळलं, त्यामुळे मामांचा शब्द शेवटचा. शुभांगी पीण्यातल्या एका वर्कशॉपमध्ये इन्स्पेक्शनला आहे. तयार पार्ट मोजायचा आणि केसाएवढा फरक दिसला तरी परत पाठवायचा. आत्तापर्यंत चार मुलंही तिनं तशीच परत पाठवली होती.

हॉटेलात भेट ठरली. दत्तू वीस मिनिटं आधी जाऊन दोन्ही दारं बघून आला आणि टेबल बदलून घेतलं. मंडळी आली. दत्तू दाराकडे तोंड करून बसला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या वेटरांचे हात बघू लागला. मामा काहीबाही विचारत होते, हा "हां", "न्हाई" करत होता. दहा मिनिटांनी मामा माझ्याकडे झुकले. "अक्का, राग मानू नका. मुलगा तिरळा आहे का हो?"

मी टेबलाखालून दत्तूच्या पायावर पाय मारला, की बाबा, पोरीकडे बघ! दत्तूचा चेहरा एकदम गंभीर झाला. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "अक्का, पाय वर घ्या. टेबलाखाली कुणीतरी हाय."

तेवढ्या भेटीत शुभांगीशी तो एकच वाक्य बोलला. "पर्स खुर्चीला अडकवू नका. मांडीवर घ्या, चेन आतल्या बाजूला." मी मनातल्या मनात सातव्या स्थळावर फुली मारून मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी शुभांगीचा फोन. "अक्का, आधीचे चौघं मला तासभर स्वतःबद्दल सांगत होते. माझ्या पर्सची काळजी यांनाच वाटली. मला पसंत आहे."

साखरपुड्याची तारीख ठरली. त्या दिवशी दत्तू ऑफिसात आला आणि नऊ शब्दांचा रतीब बाजूला ठेवून एका दमात बावीस शब्द बोलला. मी मोजले. त्यातले सहा 'शुभांगी' होते.

*

आणि मग ट्रेलर आलं. 'तिचा जीव ज्याच्या हाती, तिचं काळीजही त्याच्याच हाती!' हे एक वाक्य सुचायला तीन माणसं आणि दोन महिने लागले होते.

पब्लिसिटीवाल्यांना तेवढ्यानं समाधान नव्हतं. त्यांनी कुठूनसा एअरपोर्टवरचा जुना फोटो शोधून काढला. दत्तू मॅडमच्या कानाशी वाकलाय, मॅडम हसतायत. खाली लिहिलं, 'ही फक्त पडद्यावरचीच गोष्ट आहे का?' आणि तीन बदाम. दोन दिवसांत तो फोटो घराघरात पोचला. मी दत्तूला विचारलं, "काय सांगत होतास रे एवढं कानात?"

"लेस सुटलीया, पडाल, म्हटलं."

तीन बदामांत लेस कुणाला दिसतेय!

त्यावर कडी केली दत्तूच्या मित्रांनी. आपला गडी फिल्म लाइनमध्ये गाजतोय म्हटल्यावर त्यांनी उत्साहानं गावाच्या फाट्यावर भला मोठा फ्लेक्स लावला. त्याच्या आईचा मला रडत फोन आला. "वैशाली, त्या नटीचा नि माझ्या पोराचा फोटू शेजारी शेजारी लावलाय गं, नवरा-नवरीगत! खाली पोरांची तीस मुंडकी. नि वर काय लिवलंय ठाऊक हाय? दत्तूदादांना पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा!"

पुढील वाटचालीस! नेमके त्याच आठवड्यात शुभांगीचे मामा कुणाच्या तरी बारशाला निपाणीकडे गेले होते. त्यांची गाडी त्या फ्लेक्सखालूनच गेली. तिथूनच त्यांनी मला फोन लावला. "अक्का, साखरपुडा कॅन्सल. आमच्या पोरीला वडील नाहीत, म्हणून तिला असल्या भानगडीत ढकलू का?"

मी दत्तूला सांगितलं. तो "सरी" म्हणाला, म्हणजे कन्नडमध्ये 'ठीक आहे', आणि ड्यूटीवर निघून गेला. दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, त्याच्या शर्टाचं बटण एक घर चुकलं होतं. चार वर्षांत पहिल्यांदा. मला फार वाईट वाटलं. इतरांच्या जिवाला जपणाऱ्या माणसाच्या नशिबी हे यावं, याचा रागही आला.

*

आमचे साहेब आधी एका सरकारी खात्यात होते. त्यामुळे जगातला कुठलाही प्रश्न लेटरहेडवर सुटतो अशी त्यांची श्रद्धा. मला म्हणाले, "अक्का, टेन्शन बेडा, टेन्शन नको. सर्टिफिकेट देऊन टाकू." आणि खरंच दिलं. मामांसाठी मराठीतून मीच टाइप केलं, दुसरं कोण करणार?

'प्रमाणित करण्यात येते की, आमचे कर्मचारी श्री. दत्तात्रय यांच्या मनात सदर क्लायंटविषयी नियुक्तीच्या दिनांकापासून आजतागायत कोणतीही भावना आढळून आलेली नाही.' खाली सही आणि गोल शिक्का.

मी ते घेऊन मामांकडे गेले. मामांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. "चार वर्षं रोज सोबत, आणि कोणतीही भावना नाही?"

"नाही."

"एवढ्या देखण्या बाईबद्दल?"

"नाही ना, मामा! तेच तर म्हणतेय!"

मामांनी कागदाची घडी घातली. "मग हा माणूस आहे की विजेचा खांब? खांबाला द्यायची का आम्ही पोरगी?"

साहेबांनी हार मानली नाही. दुसरं सर्टिफिकेट काढलं. 'आदरयुक्त भावना असून ती कामाच्या वेळेपुरती मर्यादित आहे.'

मामांनी विचारलं, "कामाची वेळ किती?"

मी बोलून गेले, "बारा तास."

"झालं तर मग!" मामा म्हणाले आणि पंखा बंद करून उठलेच.

जिन्यात शुभांगी भेटली. म्हणाली, "अक्का, मला कसलाच कागद नको, मला त्यांच्याबद्दल शंकाच नाही. पण मामांनी आम्हाला कसं जपलंय ते मला माहीत आहे. त्यांच्या मनाविरुद्ध मी उभी राहणार नाही." हे बोलताना तिचा आवाज ठाम होता. डोळ्यांचं तसं नव्हतं.

*

हे सगळं मॅडमच्या कानावर गेलं ते ड्रायव्हर मंजुनाथकडून. मॅडम म्हणाल्या, "पिक्चर माझा, मग मीच जाऊन सांगते. गुपचूप जाऊ." रविवारी सकाळी अकराची वेळ ठरली. साधा सुती ड्रेस, तोंडाला मास्क, बरोबर दत्तू आणि मी. गुपचूप म्हणजे मॅडमनी फक्त आपल्या हेअरड्रेसरला सांगितलं होतं!

शुभांगीचं घर एका बोळात, पहिल्या मजल्यावर. अरुंद जिना, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला लोखंडी कठडा. गाडी बोळाच्या तोंडाशी उभी राहिली. दत्तू दाराबाहेरच थांबला. घरात मामा हाताची घडी घालून तयारीत बसले होते. मॅडमनी मास्क काढला आणि मामांच्या हाताची घडी आपोआप सुटली. "या या! आपलंच घर आहे!"

मॅडम कन्नडमधून सांगू लागल्या. दत्तू किती सरळ आहे, तो फोटो कसा खोटा आहे, सगळं. मामा "खरंय, खरंय" म्हणत मोबाइल आडवा-उभा करून बघत होते. त्याआधी त्यांनी पाच मित्रांना फोन केले होते, हे मला मागाहून कळलं.

घरात एकसारखे कप नव्हते. म्हणून आईनं शुभांगीला खालच्या शेजारणीकडे पाठवलं. ती ट्रेमध्ये आठ कप घेऊन जिना चढायला लागली आणि तेवढ्यात मागून गल्ली आली. खरंच, गल्लीच आली! जिन्यावर माणसं, गच्च्यांवर माणसं, खाली स्कूटरवर उभी माणसं. "मॅडम! मॅडम!" गर्दी बघून मामा चेकाळले आणि त्यांनी खिडकी सताड उघडली, म्हणजे मित्रांना दिसावं. लोटालोटी वाढली. शुभांगी अर्ध्या जिन्यात कठड्याला दाबली गेली. कठडा कुरकुरत होता. आणि एकजात सगळ्यांच्या माना वर, खिडकीकडे. खरं सांगते, आत असून माझंही लक्ष मॅडमकडेच.

दत्तू मला म्हणाला, "अक्का, दार आतनं लावा." मी कडी घातली. आता मॅडमना तो कसा बाहेर काढणार, या विचारात मी खिडकीशी गेले, तर हा गडी एकटाच जिना उतरत होता! खांद्यानं वाट काढत तो शुभांगीपाशी पोचला, ट्रेसकट तिला कठड्यापासून ओढून घेतलं, तिचं डोकं खाली दाबलं, बोळातून नेऊन गाडीच्या मागच्या सीटवर बसवलं, स्वतः पुढे बसला आणि छपरावर दोन थापा मारल्या.

आता आमचा नियम असा, की दोन थापा पडल्या की ड्रायव्हरनं मागे वळून बघायचं नाही आणि मॅडमच्या घरापर्यंत कुठेही थांबायचं नाही. मंजुनाथ शिस्तीचा माणूस. तो जो सुटला तो सुटला! डोकं खाली घातलेली बाई गाडीतून गेली म्हटल्यावर गल्लीला वाटलं मॅडम गेल्या. अख्खी गर्दी गाडीमागे पळाली. पाच मिनिटांत जिना रिकामा.

अर्ध्या तासानं मला हेब्बाळहून, मॅडमच्या घराखालून, मंजुनाथचा फोन. "अक्का, मॅडमना पोचवलं. पण मॅडम खाली उतरेनात. कप कुठं ठेवू, विचारतायत."

मंजुनाथकडून कळल्यावर साहेबांचा फोन आला तो अभिनंदनाचा. "काय डोकं चालवलं दत्तूनं! गर्दीला चकवा! ट्रेनिंगमध्ये घालू हे!" मॅडम उप्पीट खात हसून हसून खाली बसल्या होत्या. पण साहेबांचा आवाज फोनमधून सगळ्या खोलीला ऐकू आला आणि मामांचं टाळकं सरकलं.

गाडी परत आली. दत्तू जिना चढून वर आला, मागे शुभांगी, तिच्या हातात तो ट्रे. मामा दारात आडवे उभे. मोबाइल अजून हातातच होता.

"नटीला वाचवायला आमच्या पोरीला पुढं केलंस? गर्दीपुढं टाकायला आमची पोरगी काय बाहुली आहे? मॅडमसाठी तू तिला पणाला लावलंस!"

मला वाटलं, संपलं. आता हा "सरी" म्हणणार आणि जिना उतरणार.

"मॅडमसाठी न्हाई," दत्तू म्हणाला. "मॅडमसाठी अख्खी गल्ली हुती, मामा. हिच्यासाठी कोण हुतं?"

मामांनी शुभांगीकडे बघितलं. तिच्या कोपराला कठड्याचा गंज लागला होता. त्यांनी मोबाइल खिशात घातला, दारातून बाजूला झाले आणि आत तोंड करून ओरडले, "चहा नवा टाका!"